दिंडीत एकाची जागा ठेवा

पुणे शहर आणि जिल्ह्यातले फडकरी, दिंडीप्रमुख, विणेकरी आणि कीर्तनकार महाराज यांस,



आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. पुणं सोडताना दोन्ही पालख्या हडपसरवरून पुढे जातात. हडपसर, येरवडा, बिबवेवाडी, धनकवडी ही नावं अलीकडे वर्तमानपत्रांत वेगळ्याच कारणाने येतात. चौदा ते अठरा वर्षांची पोरं टोळक्याने निघतात, कोयते उगारतात, उभ्या गाड्यांच्या काचा फोडतात आणि कधी एखाद्याच्या जिवावर उठतात. याला ‘कोयता गँग’ असं नाव पडलंय. नाव एक असलं तरी टोळी एक नाही, आणि हे लक्षात ठेवलेलं बरं. उसाच्या फडात आणि शहाळ्याच्या गाडीवर जे हत्यार पोट भरतं, तेच इथे मोबाइलच्या स्टेटसला लागतं. 2023 मध्ये तर कोयता विकत घेणाऱ्याकडून आधार कार्ड मागा, अशी सूचना पोलिसांना दुकानदारांना द्यावी लागली. या पोरांना कायद्याच्या भाषेत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द इतका जड आहे की त्याखाली मूल दिसेनासं होतं. अशा मुलांसाठी तुमच्याकडे काही मागावं, म्हणून हे पत्र. प्रवचन मात्र मी मागत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

या पोरांचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. पहिला कडक असतो: मोक्का लावा, तडीपार करा, वयाची अट खाली आणा. दुसरा हळहळीचा: संस्कार राहिले नाहीत हो. दुसरा सूर लागला की लोक तुमच्याकडे बघतात. मग एखादा नगरसेवक मांडव घालतो, बालसंस्कार शिबिर ठरतं, एखादे महाराज तासभर बोलतात, मुलांना टोप्या आणि खाऊ मिळतो, फोटो छापून येतात. माझं म्हणणं असं की हे निरुपयोगी आहेच, पण काही बाबतींत अपायकारकही आहे. आणि जे खरोखर उपयोगी पडेल ते तुमच्याकडे शतकानुशतकं आहे, फक्त या कामासाठी ते कोणी तुमच्याकडे मागितलेलं नाही. माझ्याकडचे पुरावे बरेचसे दूरदेशचे आहेत, पण ते ऐकल्यावर तुम्हाला परके वाटणार नाहीत.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 1990 साली 152 खून झाले. मरणारे आणि मारणारे बहुतेक गरीब वस्त्यांमधले कृष्णवर्णीय तरुण होते. 1992 च्या मे महिन्यात मॅटापॅन भागातल्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये अशाच एका मारल्या गेलेल्या तरुणाचे अंत्यसंस्कार चालले होते. तिथे टोळीतली मुलं एका पोराचा पाठलाग करत आत शिरली आणि त्यांनी देवासमोर, सगळ्या मंडळींदेखत त्याला मारलं, भोसकलं. मुलं चर्चमध्ये येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या पाद्र्यांना त्या दिवशी कळलं की आपण रस्त्यावर गेलो नाही, म्हणून रस्ताच आत आला. यूजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन अशा काही पाद्र्यांनी मग ‘टेनपॉइंट कोअलिशन’ उभी केली. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत ते टोळ्यांच्या भागात चालत फिरायचे. सुरुवातीचे कित्येक आठवडे मुलं त्यांच्याशी बोललीही नाहीत. ही माणसं टिकतात की कॅमेरे गेले की जातात, एवढंच ती पाहत होती. ब्राउन यांनी पुढे सांगितलं की उपदेश थांबवून ऐकायला लागल्यावरच काम सुरू झालं. रिव्हर्स यांना गुरू भेटला तो एक गर्दविक्या. मुलं तुमच्याकडे का येत नाहीत आणि माझ्याकडे का येतात, हे त्याने त्यांना साध्या हिशेबात समजावलं. पोरगा सकाळी शाळेला निघतो तेव्हा मी कोपऱ्यावर असतो, तुम्ही नसता. संध्याकाळी परततो तेव्हाही मी असतो. आजी त्याला पाव आणायला धाडते तेव्हाही मीच असतो. मग तो कोणाचा होणार? मला वाटतं, या विषयावर आजवर जे काही लिहिलं गेलंय त्यात या माणसाच्या हिशेबाइतकं चोख दुसरं काही नाही.

आता आकडे, आणि त्यांच्या मर्यादाही. संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बॉस्टनमध्ये साधारण 61 टोळ्या आणि सुमारे 1,300 मुलं आहेत. म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या तरुणांच्या एक टक्काही नाही, पण तरुणांच्या खुनांपैकी निदान 60 टक्के त्यांच्याशी जोडलेले होते. 1996 मध्ये पोलिस, सरकारी वकील, परिविक्षा अधिकारी, रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते आणि पाद्री यांनी मिळून ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू केलं. टोळीतल्या मुलांना बोलावून समोरासमोर सांगितलं जायचं: गोळी चालली तर सगळी टोळी कायद्याच्या तावडीत येईल, आणि बाहेर पडायचं असेल तर हात द्यायला ही माणसं इथे बसली आहेत. चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांचे खून त्यानंतर सुमारे 63 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये संपूर्ण शहरातले खून 31 वर आले. हे पाद्र्यांनी एकट्याने केलं, असं कोणी म्हणालं तर मीच विरोध करीन. त्याच काळात इतर शहरांतही खून घटत होते, पोलिसांचं दडपण खरं होतं, नोकऱ्याही वाढत होत्या. पाद्र्यांचा वाटा असा की दडपण आणणाऱ्या पोलिसांवर वस्तीचा विश्वास बसवला, आणि तेच पोलिस मर्यादा ओलांडत तेव्हा जाहीरपणे त्यांचे कान धरले. पुढचा भाग जास्त बोलका आहे. 2000 च्या सुमारास ही व्यवस्था विस्कटली. अधिकारी बदलले, पाद्र्यांचं आपसात बिनसलं, रात्रीच्या फेऱ्या विरळ झाल्या. 2005 पर्यंत खुनांचा आकडा पुन्हा सत्तरीच्या वर गेला. औषध थांबवल्यावर दुखणं परत आलं. ते औषध अगदीच निकामी नव्हतं, याचा हाही एक पुरावा म्हणता येईल.

‘काहीतरी केलेलं बरं’ असं आपण सहज म्हणतो. बॉस्टनच्याच शेजारी, केंब्रिज आणि सोमरव्हिल या गावांत 1939 साली एक प्रयोग झाला होता, तो या वाक्यावर पाणी ओततो. 506 मुलांच्या जोड्या लावल्या. निम्म्या मुलांना घरी येणारा सल्लागार, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं, आणि उरलेल्यांना काहीच दिलं नाही. हे 1945 पर्यंत चाललं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांना शोधून काढलं. ज्यांना मदत मिळाली होती त्यांच्यातले अनेक जण सांगत होते की आमचं भलं झालं. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. गुन्हे, दारू, आजारपण, अशा अनेक मोजमापांवर मदत मिळालेली मुलंच मागे होती. पुढे आणखी बारकाईने पाहिल्यावर दिसलं की जास्त नुकसान पुन्हा पुन्हा शिबिराला गेलेल्या मुलांचं झालं होतं. त्याचं कारण समजायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. वाट चुकलेली चाळीस पोरं एका छपराखाली आणली की ती व्यासपीठावरच्या महाराजांकडून शिकत नाहीत, एकमेकांकडून शिकतात. रात्री दिवे मालवल्यावर कोण किती मोठा भाई, याच्या गोष्टी रंगतात आणि शाबासकीही तिथेच वाटली जाते. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांच्या अभ्यासात दुसरी बाजू आहे. ज्यांना एखाद्या मोठ्या माणसाची सोबत वर्षभर किंवा जास्त मिळाली, त्या मुलांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांची स्वतःबद्दलची किंमत पहिल्यापेक्षाही घसरली. ज्याला आधीच दोन-तीन जणांनी सोडलंय, त्याला चौथ्यांदा सोडून जाणं ही मदत होत नाही. म्हणून या कामात पहिली अट धंद्यातल्यासारखी आहे: निभवायचं नसेल तर हात घालू नका.

आता तुमच्याकडे काय आहे ते पाहू. दिंडीची घडण पाहिली तर ती शिबिराच्या बरोबर उलट आहे. तिथे एका वयाची चाळीस पोरं एकत्र नसतात. सत्तरीचे आजोबा, डोक्यावर तुळस घेतलेली मावशी, रजा काढून आलेला कंपनीतला कामगार आणि मृदंगावर बोटं चालवायला शिकणारा बारा वर्षांचा मुलगा, असे सगळे एका रांगेत चालतात. त्यात एक अडखळलेला पोरगा मिसळला तर तो एकटा असतो आणि त्याच्याभोवती साठ शहाणी माणसं असतात. गणित उलटं होतं. शिवाय काम असतं. टाळ धरायचा, पखवाजाची गादी उचलायची, पाण्याचा टँकर कुठे आला ते पाहायचं. टोळी पोराला पहिल्याच दिवशी काम देते, म्हणून तो टिकतो. प्रवचनात त्याला फक्त ऐकायचं असतं. आणि एक गोष्ट जगातल्या कुठल्याही पुनर्वसन योजनेत मला सापडत नाही. वारीत माणूस माणसाला ‘माऊली’ म्हणतो आणि वाकून पाया पडतो, समोरचाही वाकतो. वय, जात, हुद्दा काही विचारत नाही. ज्याला आजवर ‘भाई’ किंवा ‘आरोपी’ एवढ्याच दोन हाका माहीत आहेत, त्याच्या पायाला एखादा पांढऱ्या मिश्यांचा शेतकरी हात लावतो, तेव्हा त्या पोराच्या मनात काय होत असेल? मी त्याचा पुरावा देऊ शकत नाही. पण त्याला मान हवा असतो, आणि कोयता हा मान मिळवण्याचा त्याला दिसलेला सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, एवढं तर पोलिसही सांगतील. फक्त हे अठरा-वीस दिवसांत भागणारं नाही. वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचं असतं. वारी शेवटी यावी. त्याआधी रोजचा संध्याकाळचा हरिपाठ, एकादशी, आणि हरिपाठानंतरचे ते रिकामे तास, सातपासून अकरापर्यंतचे, जेव्हा टपरीवर टोळी भरते.

वाल्याची गोष्ट तुम्ही कीर्तनात सांगता, तेव्हा नारदाचा प्रश्न आणि वारूळ यांवर सगळा भर असतो. माझं एकच म्हणणं आहे: नारद निघून गेले आणि बऱ्याच काळाने परत फिरकले, तरी त्या वाल्याचं निभावलं, कारण त्या रानात दुसरी टोळी नव्हती. आजच्या वाल्याच्या खिशात मोबाइल आहे आणि संध्याकाळी सात वाजता तो वाजतो. खऱ्या इतिहासातली नारदाची भूमिका आपल्या गागोद्याच्या विनोबांनी 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात केली. डाकू मानसिंहाचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता. त्याने पत्र लिहून बोलावलं, म्हणून विनोबा तिकडे पायी गेले आणि 20 डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. विनोबांनी माफीचं आश्वासन दिलं नाही. शस्त्र टाका आणि कायदा देईल ती शिक्षा भोगा, एवढंच ते म्हणाले. तरीही मध्य प्रदेश पोलिसांचे तेव्हाचे प्रमुख रुस्तमजी नाराज झाले. त्यांची बाजू पूर्ण चुकीची होती असं मी म्हणणार नाही, कारण डाकूंना हार घालणाऱ्यांपैकी कोणी डाकूंनी मारलेल्यांच्या घरी जाताना दिसलं नव्हतं. पण विनोबा पुढे निघून गेल्यावरही काही सर्वोदयी कार्यकर्ते त्या खोऱ्यात थांबले. जौऱ्याला आश्रम उभा राहिला. 1972 मध्ये जयप्रकाश नारायणांपुढे शेकड्यांनी शस्त्रं खाली आली. मधली बारा वर्षं कोणीतरी तिथेच राहिलं होतं, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

आता आक्षेप. पहिला अनुभवी माणसांचा आहे: टोळ्यांशी बोलायला गेलात की त्या मोठ्या होतात. हे अगदी खरं आहे. लॉस एंजेलिसच्या डोलोरेस मिशन चर्चमध्ये ग्रेग बॉयल 1986 साली पाद्री म्हणून आले. सुरुवातीला ते सायकलवरून टोळ्यांमध्ये तह घडवत फिरत. पुढे त्यांनीच ते थांबवलं, कारण तहामुळे टोळीला टोळी म्हणून मान्यता मिळते. मग त्यांनी बेकरी काढली, आणि कालच्या शत्रूंना एकाच भट्टीवर शेजारी शेजारी उभं केलं. होमबॉय इंडस्ट्रीज या नावाने हे काम आजही चालू आहे. अंगावरचं टोळीचं गोंदण पुसून देण्यापासून दीड वर्षाच्या पगारी उमेदवारीपर्यंत सगळं तिथे आहे. एल साल्वाडोरमध्ये 2012 साली एका बिशपांच्या साक्षीने मोठ्या टोळ्यांचा तह झाला. रोजचे चौदाच्या आसपास होणारे खून पाच-सहावर आले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत तह मोडला, आणि 2015 मध्ये तिथे 6,600 वर माणसं मारली गेली. म्हणून कोणत्याही भाईशी, त्याच्या मंडळाशी, त्याला पाठीशी घालणाऱ्या पुढाऱ्याशी तुमची बैठक नको. पोराशी बोला, टोळीशी नको. तलवारीने केक कापणाऱ्या भाईचा वाढदिवसाचा फ्लेक्स ज्या कमानीवर लागतो, त्या कमानीखाली तुमचं कीर्तन लागणार असेल तर पोरगा काय शिकला ते विचारूच नका. दिंडीच्या पंगतीचं अन्नदान कोण करतं, हेही जरा पाहावं लागेल. अवघड आहे, कल्पना आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. सरकारच्या ताब्यातल्या मुलाला धर्माच्या हवाली कसं करायचं? येरवड्याच्या वस्तीतला पोरगा बौद्ध घरातला असेल, मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, पारधी असेल किंवा देवच न मानणारा असेल. त्याच्या गळ्यात माळ घालून तो सुधारला असं जाहीर करणं हा त्याच्यावर अन्याय होईल आणि वारकरी पंथाचाही अपमान होईल. माळ मागून घ्यायची असते. चोखोबांची समाधी नामदेव पायरीजवळ आहे. त्यांना दाराबाहेर का थांबावं लागलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा बौद्ध कुटुंबातल्या मुलासाठी विहारातले भन्ते आणि उपासक, मुसलमान मुलासाठी मशिदीचे विश्वस्त, आणि ज्याला कोणीच नको त्याच्यासाठी तालमीचे वस्ताद किंवा शाळेतले शिक्षक हवेत. मुलाने आणि त्याच्या घरच्यांनी निवड करावी, नकार दिला तर त्याचा शिक्षेवर काडीचाही परिणाम होऊ नये. हे पत्र तुम्हाला लिहिलंय ते तुमचा धर्म श्रेष्ठ म्हणून नाही. या जिल्ह्यात गावोगाव, वस्तीवस्तीत रोज संध्याकाळी जमणारी एवढी माणसं दुसऱ्या कोणाकडे नाहीत म्हणून लिहिलंय. समाजसेवक आणि समुपदेशक हवेतच, त्यांची पदं भरली गेलीच पाहिजेत. पण त्यांची कचेरी सहाला बंद होते.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा जास्त धास्तीची आहे आणि तुम्हाला ती लागेल. मुलं आणि धर्माच्या नावाने वागणारी मोठी माणसं एकत्र आली की काय काय होऊ शकतं, हे जगभरातल्या चर्चच्या इतिहासाने दाखवलंय आणि आपल्याकडच्या भोंदू बाबांनीही. याच पुण्यात 2013 मध्ये डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. पॉक्सो कायदा 2012 पासून आहे. तेव्हा मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसणं नाही, घरातलं कोणी सोबत नसताना मुक्काम नाही, पैशाचा व्यवहार नाही, अंगारा-गंडा-दोरा नाही, आणि जो माणूस सोबत देणार त्याची पोलिसांकडून आणि बाल न्याय मंडळाकडून आधी पडताळणी. महाराज असले तरी.

ज्याची रिक्षा फोडली, ज्याच्या खांद्यावर वार बसला, तो विचारील की माझं काय? त्याचा हा प्रश्न डावलून हे काम करू नका. मुलाने दंडाची रक्कम स्वतःच्या मजुरीतून भरावी, आणि समोरच्याची तयारी असेल तेव्हाच, घाई न करता, माफी मागावी. ती माफी मोबाइलवर कोणी चित्रित करू नये. पोलिस तुमच्याकडे दुसरीच अपेक्षा ठेवतील: बातमी द्या. इथे रेघ स्पष्ट आखावी लागेल. कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर सांगायचंच, आणि हे मुलाला पहिल्याच दिवशी बजावून ठेवायचं. बाकी तो मनातलं काय बोलतो ते बाहेर काढायचं नाही. पहिल्या महिन्यात तुम्ही खबरे ठरलात की दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडे कोणी येणार नाही.

हे सगळं कायद्यात बसतं का? बसतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 18 व्या कलमाखाली मंडळ मुलाला समुपदेशनाचा, समाजसेवेचा आदेश देऊ शकतं, किंवा पालकाच्या अथवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत परिविक्षेवर सोडू शकतं. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघातानंतर आरोपी मुलाला जामिनाची अट म्हणून 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि सगळं शहर खवळलं, ते योग्यच होतं. पण त्या संतापात बाल न्याय कायदाच हास्यास्पद ठरला. तीनशे शब्दांऐवजी तीन वर्षं मागण्याची तरतूद त्याच कायद्याच्या 18 व्या कलमात आहे. ती वापरायला मंडळाला माणसं लागतात, आणि ती माणसं यादीत नसतात.

मागणं एवढंच आहे. प्रत्येक दिंडीने एका मुलाची जबाबदारी घ्यावी, एकाचीच, दोघांची नको. दिंडीतल्या दोन विवाहित, कामधंद्याच्या, पन्नाशीच्या आसपासच्या माणसांनी आपली नावं जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळाकडे आणि परिविक्षा अधिकाऱ्यांकडे लिहून द्यावीत, निदान दीड वर्षासाठी. आठवड्यात तीन संध्याकाळी ती मुलाच्या घरी जातील. आईशी बोलतील, सुटलेल्या शाळेचं किंवा आयटीआयच्या अर्जाचं पाहतील, तारखेला मंडळासमोर त्याच्याबरोबर उभी राहतील. तुमच्या दिंडीत गॅरेजवाले आहेत, दूधवाले आहेत, मांडववाले, ट्रकमालक, गुऱ्हाळवाले आहेत. मूल वयाने कामाला पात्र असेल तर त्यातल्या एकाने त्याला उमेदवार म्हणून ठेवावं, पगार वेळेवर द्यावा, आणि पहिल्यांदा तो चुकेल तेव्हा काढून टाकू नये. तो चुकेलच. बॉयल यांच्या बेकरीतूनही मुलं पळाली, परत आली, पुन्हा पळाली. टोळ्यांतल्या ज्या तरुणांचे अंत्यसंस्कार बॉयल यांनाच करावे लागले, त्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. तुमच्यातल्या कोणावर ती वेळ आली तर कीर्तनात सांगायला ती कथा वापरू नका. मुलाचं नाव, गाव, वस्ती काहीच बाहेर येऊ द्यायचं नाही, कायद्यानेही ते गुप्त आहे. फलक नको, सत्कार नको.

कार्तिकीला पंढरपुरात फडांच्या बैठका होतात तेव्हा हा विषय निघावा. कोणाची तयारी नसेल तर तसं मोकळेपणाने सांगावं, मी ते अर्धवट होकारापेक्षा बरं समजेन. ज्या दिंड्या हो म्हणतील त्यांनी पहिल्या भेटीला जाताना ग्रंथ नेऊ नये. भेळ न्यावी, बसावं, आणि तो बोलेपर्यंत गप्प राहावं.

आपला नम्र,
पुण्याचा एक नागरिक